जीभसाहेबांचं पथ्य

सूप पावडरच्या त्या कारखान्यात तीनशे माणसं कामाला होती. त्यातली दोनशे नव्व्याण्णव हातापायांनी राबत, आणि एकजण जिभेनं. त्यांना सगळे जीभसाहेब म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि एका वर्षी चुकून ओळखपत्रावरही तेच छापून आलं. जीभसाहेबांनी तक्रार केली नाही. शेजारच्या फोटोपेक्षा ते नाव त्यांच्याशी जास्त जुळत होतं.

दुसऱ्या मजल्यावर चव घ्यायची खोली होती. तिला पाच कप्पे, मतदानाला असतात तसे. प्रत्येक कप्प्यात एक स्टूल, एक छोटं बेसिन आणि वर लाल दिवा. रंग पाहून माणूस चवीबद्दल मत बनवतो, म्हणून सगळं लाल. समोरची खिडकी सरकायची, एक कप आत यायचा, त्यावर नुसता आकडा. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा. मग कोमट पाण्याची चूळ, बिनमिठाच्या पावाचा तुकडा, पुन्हा चूळ, पुढचा कप. बोलायचं नाही, हुंकारायचं नाही, शेजारच्याला ऐकू जाईल असा सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. पाचही जण आपापल्या कागदावर लिहीत, पण बाकीचे चौघे आपलं मूळ काम सोडून तासाभरासाठी येत, म्हणून शेवटचा शब्द जीभसाहेबांचा. त्यांनी 'ठीक' लिहिलं की खाली यंत्रं सुरू होत. 'थोडं कमी' लिहिलं की मीठ वाढे.

बावीस वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं. आणि गेले आठ महिने जीभसाहेबांना चवच लागत नव्हती.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? गवंड्याचा हात मोडला तर प्लास्टर दिसतं. जीभ तर जागच्या जागी होती, गुलाबी, ओली, आरशात पाहिली तर धडधाकट. फक्त तिच्यावर काहीही ठेवलं तरी ते कोमट ओलसर काहीतरी होऊन जाई. टोमॅटो सूप कोमट ओलसर, मक्याचं सूप कोमट ओलसर, आणि मश्रूमचं त्याहून जरा घट्ट.

कारण विचाराल तर नव्हतं. घरात कुणी गेलं असतं, एखादं भांडण विकोपाला गेलं असतं, तर सांगायला तरी बरं पडलं असतं. तसलं काही घडलं नव्हतं. एका सोमवारी ते पलंगाच्या कडेवर बसले, एक मोजा पायात घातला, दुसरा हातात धरला, आणि वीस मिनिटं तसेच बसून राहिले. त्यानंतर ते रोजचंच झालं. पहाटे चारला जाग यायची. छताकडे बघताना वाटायचं, आज कळणार. आज कुणीतरी विचारणार, 'जीभसाहेब, यात काय आहे?' आणि आपल्याला सांगता येणार नाही.

आता यावर त्यांनी केलेला उपाय ऐका. साधा माणूस असता तर चव यावी म्हणून त्यानं झणझणीत काहीतरी खाल्लं असतं. पण जीभसाहेब पडले व्यावसायिक. चवकऱ्यांचं एक पथ्य असतं: कामाच्या दिवशी तिखट नाही, कॉफी नाही, वासाचा साबण नाही. त्यांना वाटलं, जीभ थकली आहे, तिला विश्रांती हवी. म्हणून त्यांनी पथ्य कडक केलं. रविवारची कॉफी गेली. मग लिंबू गेलं. मग फळं, कारण ती आंबट. मग मासे, कारण ते मागे रेंगाळतात. मग पालेभाज्या, कडधान्यं, अंडी. चव जितकी कमी लागे तितकं ते जिभेला जपत, आणि जितकं जपत तितका जीव खाली खाली जाई. शेवटी ताटात राहिलं काय, तर पांढरा पाव, सोललेला उकडलेला बटाटा आणि भात. असं ताट, की त्यावर अर्ज लिहिता आला असता.

त्यातलंही अर्धं उरायचं.

त्यांची बायको मोटार शिकवायची. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि चालवणारा माणूस कधी घाबरेल हे त्याच्या आधी ओळखून त्या ब्रेकवर पाय ठेवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. पण घरातल्या माणसाला स्टिअरिंग नसतं, त्यामुळे काही अंदाज येत नाही. पूर्वी नवरा जेवताना निकाल द्यायचा. "मीठ पाव चिमूट पुढे गेलंय." "कांदा आज अर्धा मिनिट आधी काढायला हवा होता." तिचं डोकं फिरायचं. एकदा तिनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं, शेजारी कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "घ्या, लिहून द्या, खालच्या मजल्यावर पाठवते."

आता ते नुसतं "बरंय" म्हणत. सगळ्यालाच बरंय. तिनं मुद्दाम एकदा मीठ घातलंच नाही, तरी बरंय. तेव्हापासून तिनं विचारणं सोडलं होतं, आणि भांडी जरा जोरात ठेवायला सुरुवात केली होती. जीभसाहेबांना तो आवाज ऐकू येई, त्याचा अर्थही कळे. पण उत्तर द्यायला जी काही ताकद लागते ती मोज्यातच संपलेली असे.

कारखान्यात मात्र 'बरंय' लिहून चालत नाही. जो चवकरी सगळ्यालाच ठीक म्हणतो त्याच्यावर संशय येतो. म्हणून जीभसाहेब लिहीत, 'थोडं कमी.' त्यात खोटं काही नव्हतं. त्यांना खरोखरच सगळं अळणी लागत होतं. शिवाय 'थोडं कमी' हे कसं जाणकाराचं वाटतं. ते एकदा लिहीत, खाली मीठ वाढे, नवा कप येई, तोही अळणी लागे, ते पुन्हा लिहीत. बाकीचे चौघे आपापल्या कप्प्यात भुवया उंचावत. पण बावीस वर्षांच्या जिभेपुढे आपली चार वर्षांची जीभ काय लावायची, म्हणून तेही 'थोडं कमी' लिहू लागले.

गंमत म्हणजे खप वाढला. मग तर शंका घ्यायचं कुणाला कारणच उरलं नाही.

एका बाईंना सोडून. प्रयोगशाळेत मोजमापं घेणाऱ्या बाईंना सगळे मापबाई म्हणत. कारखान्यातल्या कुठल्याही गोष्टीचं वजन, उष्णता किंवा ओल त्यांना पाठ असे, आणि माणसांबद्दल त्या कधीही मत देत नसत. सोमवारी त्या एक आलेख घेऊन जीभसाहेबांच्या टेबलाशी आल्या.

"साहेब, मीठ चढतंय."

"चढतंय म्हणजे?"

"शंभर ग्रॅम पावडरीत नऊ ते अकरा ग्रॅम अशी आपली मर्यादा. आठ महिन्यांपूर्वी साडेनऊ होतं. आता दहा पूर्णांक नऊ. तुम्ही परवा पुन्हा 'थोडं कमी' लिहिलंत. आणखी वाढवायचं तर मर्यादाच वाढवावी लागेल. मॅनेजर म्हणाले, तसा कागद तयार करा. शुक्रवारी तुमची सही."

"लोकांची चव बदलते हो बाई."

"लोकांची?" मापबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग आलेखाची घडी घातली. "शुक्रवारी तुमची वार्षिक परीक्षाही आहे. परीक्षा झाली की लगेच सही घेतील."

वार्षिक परीक्षा म्हणजे तीन कपांची. तीन कप येतात, त्यात दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. असं सहा वेळा. चार बरोबर आले की जीभ आणखी एक वर्ष चालू. जीभसाहेबांना ही परीक्षा म्हणजे पाय मोकळे करण्यासारखी वाटायची. या वर्षी ते तिची तारीखही बघायचं टाळत होते. आणि त्यात आता हा कागद.

मंगळवारी संध्याकाळी ते सासरेबुवांना डॉक्टरकडे घेऊन गेले. सासरेबुवा यांच्याकडेच राहत. महिनाभर त्यांची पावलं सुजत होती. चप्पल पायात जाईना, म्हणून ते मुलीची सपाट स्लिपर घालून आले होते आणि कुणी बघितलं की मुद्दाम पाय पुढे करत होते.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी सूज दाबून पाहिली. बोट उचललं तरी खड्डा राहिला.

"आजोबा, काय खाता?"

"नियमात आहे माझं सगळं," सासरेबुवा म्हणाले. "सकाळी एक मग सूप, संध्याकाळी एक मग सूप. दुपारी भूक लागली तर अर्धा मग. आमच्या जावयाच्या कारखान्याचं आहे. चव बघतात ते. मोठे अधिकारी आहेत. हल्ली तर फारच छान करतात, पूर्वी जरा फिकं असायचं."

डॉक्टरांनी टेबलावरून पुढे वाकून विचारलं, "पाकीट आहे का?"

होतं. सासरेबुवा ते खिशात घेऊन हिंडत, कारण त्यांना ते लोकांना दाखवायचं असे. डॉक्टरांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि ओठ आवळले. "एवढं मीठ? आजोबा, तुम्हाला रक्तदाबाची गोळी देतो, ती तुम्ही सकाळी घेता आणि संध्याकाळी या सुपात बुडवता. आजपासून हे बंद."

"बंद?" सासरेबुवांनी जावयाकडे पाहिलं. जणू जावयानं उठून डॉक्टरला नोकरीवरून काढावं अशी त्यांची अपेक्षा होती.

जीभसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना त्या खड्ड्याकडे बघवेना. आपण लाल दिव्याखाली बसून लिहिलेले दोन शब्द या म्हाताऱ्याच्या पावलात जाऊन बसले आहेत, आणि असे मग हातात धरलेले म्हातारे किती घरांत असतील याचा हिशेब ते करू लागले, आणि तो संपेना.

"आणि जावईबापू, तुम्ही काय खाता?" डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी? माझं पथ्य असतं. कामामुळे."

"पाव आणि बटाटा," सासरेबुवांनी माहिती पुरवली. "पांढरा पाव आणि पांढरा बटाटा. ताट समोर आलं की ताट कुठलं आणि अन्न कुठलं ते कळत नाही."

"झोप?"

"होते."

"चार वाजता उठून बसतात," सासरेबुवा म्हणाले. "माझी खोली शेजारी आहे. पलंग वाजतो."

"हसलात कधी शेवटचं?"

"हे? गेल्या वर्षी," सासरेबुवा म्हणाले. "माझ्यावरच हसले होते, पण हसले होते."

डॉक्टर काही हसले नाहीत. त्यांनी जीभसाहेबांना वजनकाट्यावर उभं केलं आणि खाली उतरेपर्यंत काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मन खाली बसलं की माणूस नीट जेवत नाही. आणि नीट न जेवणाऱ्याचं मन खाली बसतं, असंही दिसतं. यात आधी कोण, यावर शहाणी माणसं अजून भांडताहेत. त्यांचं भांडण मिटेपर्यंत तुम्ही थांबू नका. फळं, भाज्या, कडधान्यं, मासे खात असाल तर मासे. एवढ्यानं भागेलच असं मी म्हणत नाही. बोलावं लागेल, कदाचित औषधही. पण त्यासाठी तुम्ही स्वतः या. आजोबांना आणायला म्हणून नाही. आणखी काही होतंय का तुम्हाला?"

सांगायची ही नामी वेळ होती. खोलीत दोनच माणसं, एक डॉक्टर आणि एक सासरा. जीभसाहेबांनी तोंड उघडलं. मग त्यांना वाटलं, सासरेबुवा घरी सांगतील, घरून कारखान्यात कळेल, आणि मग बावीस वर्षं काय थुंकत होतात असं लोक विचारतील. त्यांनी तोंड मिटलं. जिभेवरच पोट असणाऱ्या माणसानं मिठाची गुळणी धरावी, तशी ती धरली.

"नाही," ते म्हणाले. "बाकी बरंय."

बुधवार आणि गुरुवार त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मात्र गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या मनात एक विचार आला आणि त्यांना जरा मोकळं वाटलं. विचार असा होता: आपण नापास होऊ. सहांपैकी चार बरोबर येणं शक्यच नाही. नापास झालो की आपोआप सगळं कळेल, कागद मागे पडेल, मीठ खाली येईल, आणि आपल्याला तोंडानं काही सांगावंही लागणार नाही. नापास व्हायच्या आशेवर माणूस इतका निर्धास्त होऊ शकतो हे त्यांना नवीनच होतं. त्या दिवशी त्यांनी अख्खा बटाटा खाल्ला.

शुक्रवारी दहाला ते कप्प्यात बसले. लाल दिवा लागला. खिडकी सरकली आणि तीन कप आले. पहिला घोट कोमट ओलसर. दुसरा कोमट ओलसर. तिसराही. त्यांनी मधल्या कपाचा आकडा लिहिला, कारण तो मध्ये होता. पुढच्या वेळी उजवीकडचा, कारण त्याच्यावरचा आकडा त्यांच्या जुन्या घराचा होता. तिसऱ्या वेळी पुन्हा मधला. चौथ्या वेळी त्यांनी चाखलंसुद्धा नाही. तिन्ही कप बेसिनात ओतले, हाताला येईल तो आकडा लिहिला, चूळ भरली. सहा संच पंचवीस मिनिटांत संपले. एवढ्या लवकर त्यांनी कधीच संपवले नव्हते.

मॅनेजर कागद हातात नाचवत आत आला. वयानं लहान, अंगात उत्साह भरपूर. "सहापैकी पाच!" तो ओरडला. "पंचवीस मिनिटांत! जीभसाहेब, गेल्या वर्षी तुम्ही चाळीस मिनिटं घेतली होती. तुमची जीभ तरुण होत चाललीय."

जीभसाहेब स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले. नशीब आठ महिने त्यांच्याकडे फिरकलं नव्हतं, आणि नेमकं आज सहकुटुंब मुक्कामाला आलं होतं.

"ही सही," मॅनेजरनं दुसरा कागद पुढे केला. मापबाई त्याच्या मागे उभ्या होत्या, हातात वही. "मर्यादा अकरावरून बारा. दुपारी चाळीस हजार पाकिटांचा घाणा सुरू होतोय. तुमची जीभ म्हणते कमी, तर कमी. वाद नाही."

पेन हातात आलं. जीभसाहेबांना कागदावर सासरेबुवांचं पाऊल दिसलं, बोटाच्या खड्ड्यासकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी अंदाजानं लिहिलं," ते म्हणाले.

"काय?"

"आत्ता. परीक्षेत. मला काहीच कळलं नाही. मला चव लागत नाही."

मॅनेजर खळखळून हसला. "हा तुमचा विनय आम्हाला माहीत आहे. मापबाई, बघा, मोठी माणसं अशी असतात!"

"अहो, विनय नाही. आठ महिने झाले. मधला कप मध्ये होता म्हणून लिहिला. चौथ्या वेळचे कप तर मी ओतूनच दिले."

"आणि तरी उत्तर बरोबर आलं! याला म्हणतात अनुभव. नुसत्या वासावर!"

आठ महिने त्यांना भीती होती की कुणाला कळेल. आता सांगत होते तर कुणी विश्वास ठेवेना. खोटं बोलताना कधी पुरावा लागला नव्हता. खरं बोलायला तो आणायचा कुठून?

मापबाई बाहेर गेल्या. दोन मिनिटांनी एक कप घेऊन आल्या, आकड्याशिवायचा. तो त्यांनी जीभसाहेबांसमोर ठेवला. "साहेब, हे घ्या. नेहमीसारखं. काय वाटतं ते सांगा."

जीभसाहेबांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. कोमट ओलसर. आणखी एक घोट घेतला, आणि थुंकायचं विसरून गिळला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले.

"थोडं कमी आहे."

मॅनेजरनं विजयानं मापबाईंकडे पाहिलं, कप उचलला आणि मोठा घोट घेतला. मग तो बेसिनाकडे धावला. त्याला पहिलं बेसिन सापडलं नाही, दुसऱ्यात डोकं घालून तो खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी, नाकातून सूप.

"चार चमचे," मापबाई वहीत लिहीत म्हणाल्या. "कपभर सुपात चार चमचे मीठ."

मॅनेजर तोंड पुसत वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो जीभसाहेबांकडे असा बघत होता, जसं एखाद्या माणसाला शिडीवर उभं पाहावं आणि खाली पाहिलं तर शिडीच नसावी.

"गिळलंत तुम्ही ते," तो हळूच म्हणाला. मग कागद घेऊन त्याचे दोन तुकडे केले. "घाणा थांबवा. बाई, मीठ साडेनऊवर. जीभसाहेब, तुम्ही... तुम्ही घरी जा. रजा घ्या. कप्प्यात सध्या कुणी दुसरं बसेल. नंतरचं नंतर बघू."

नंतरचं नंतर म्हणजे काय, हे विचारायची जीभसाहेबांची हिंमत झाली नाही. जिन्यात मापबाईंनी त्यांना गाठलं आणि पाण्याची बाटली हातात दिली. "पूर्ण प्या. इतकं मीठ पोटात गेलेलं बरं नाही. आणि घरून कुणाला तरी बोलवा. एकटे जाऊ नका." माणसांबद्दल त्यांनी व्यक्त केलेलं हे पहिलंच मत होतं.

बायको वीस मिनिटांत आली. पण तिचा धडा चालू होता, त्यामुळे चालवायला एक शिंपी होता. पन्नाशीचा, जाडजूड, आणि स्टिअरिंग असं धरलेला की सोडलं तर गाडी उडून जाईल. बायको त्याच्या शेजारी. जीभसाहेब मागे बसले.

"तब्येत बरी नाही?" तिनं समोर बघतच विचारलं. "दुसऱ्या गियरमध्ये घाला. दुसऱ्या, चौथ्या नाही. अहो, मी विचारतेय."

"बरी आहे."

"बरंय, बरी आहे. मला दुसरं काही ऐकायलाच मिळत नाही," ती म्हणाली. "आरसा बघा. माझा चेहरा नको, आरसा."

गाडी वीसच्या वेगानं चालली होती. जीभसाहेबांच्या पोटात मीठ आणि पाणी डुचमळत होतं. त्यांना वाटलं, घरी पोचलो की मोजे काढू, पलंगावर बसू, आणि मग हे कधीच सांगून होणार नाही. चौक आला, दिवा हिरवा होता.

"मला चव लागत नाही," ते म्हणाले. "आठ महिने झाले. कशालाच नाही. आज त्यांना कळलं. मला घरी पाठवलं. नोकरी राहील की नाही ठाऊक नाही. आणि नुसती चव नाही गं. सकाळी उठवत नाही. मला सारखी भीती वाटते. कशाची ते माहीत नाही, पण वाटते."

शिंप्याचा पाय क्लचवरून सटकला. गाडीनं दोन आचके दिले आणि ती चौकाच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले.

बायको वळून बसली. अठरा वर्षांत ती रस्त्याकडे पाठ करून कधी बसली नव्हती.

"चव लागत नाही," ती म्हणाली. "मी मीठ घातलं नव्हतं तेव्हा?"

"मला कळलंच नाही."

"मला वाटलं, माझ्यावर राग आहे तुमचा. मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला नकोसं झालंय." तिचा आवाज चिरला, आणि तो दुरुस्त करण्यासाठी तिनं लगेच वाढवला. "आठ महिने! माणसानं बोलू नये? मी काय तुमच्या कप्प्याशेजारच्या कप्प्यात बसलेय का?"

"मॅडम," शिंपी खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "मागे ट्रक आहे."

"असू दे. त्याला ब्रेक आहेत." ती नवऱ्याकडेच बघत होती. "त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले? बाबांनी सांगितलं मला, पण बाबांना त्यांच्या सुपाचं दुःख एवढं, की पुढचं ऐकलंच नाही मी."

"एकटं या म्हणाले. बोलायला. आणि नीट जेवा म्हणाले. पण चवच नाही तर जेवून..."

"गाडी पेट्रोलची चव विचारते का?" ती म्हणाली. मग जरा थांबली, आणि वेगळ्याच, हळू आवाजात म्हणाली, "एकटं जायचं तर आत एकटे जा. बाहेर मी बसते. किती वेळ लागेल तो लागू दे." आणि ती समोर वळली. "चालू करा. क्लच दाबून. हं. आता डावीकडे."

"डावीकडे?" शिंप्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, अजून सरळच शिकवलंय तुम्ही."

"डॉक्टर डावीकडे आहेत. मग आज डावीकडे शिका."

गाडी हादरत निघाली. शिंप्यानं वळणाच्या आधी वायपर लावले, मग दिवे, मग उजवीकडचा सिग्नल दिला आणि डावीकडे वळला. एक सायकलवाला ओरडला. ट्रक अगदी जवळून गेला. जीभसाहेबांनी दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली होती, आणि ते फुटपाथकडे, ट्रककडे, शिंप्याच्या पायाकडे डोळे फाडून बघत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीची भीती वाटत होती.